दुसऱ्यांदा आले का?

चिपळूण,
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री पाहिला. उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण माझ्या अंगठ्याची ताकद या कामात ग्रेड टूच्या, म्हणजे पाचपैकी दोनच्या, पुढे कधी गेलीच नाही. म्हणून सरळ कागद-पेन घेतलं. भाची फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

कॉलेजच्या वर्धापनदिनाला ‘फिजिओथेरपी विभागाची वाटचाल’ असा मोठा फलक करायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. तू यादीही छान केलीस. पहिली तुकडी, विद्यापीठात आलेले नंबर, नवी ओपीडी, करार, परिषदेत पोस्टरला मिळालेलं बक्षीस, आरोग्य शिबिरांचा आकडा. आणि खाली विचारलंस, “मॅडम, काही राहिलं का?”

यादीतलं काही काढू नकोस, हे आधी सांगते. पहिल्या तुकडीला शिकवायला मी आठवड्यातून दोन दिवस यायचे, तेव्हा पॅरलल बार, म्हणजे धरून चालायचे दोन समांतर दांडे, येऊन पडले होते, पण ते बसवायला खाली लादीच नव्हती. हाडांचा एकच संच. सांध्याचे अंश मोजायचे गोनिओमीटर चार आणि पोरं तीसच्या आसपास. त्या पोरांनी पदवी घेतली हा टप्पाच आहे, आणि तो मोठ्या अक्षरात लाव. ज्यांना पहिल्या वर्षी घरचे विचारायचे, “म्हणजे मालिशच ना गं?”, त्यांनी निस्तरलेलं तुमच्या वाट्याला आलेलं नाही. (हा प्रश्न नवा नाही बरं का. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी आपली संघटना काढली तीच मुळी मालिशीच्या नावावर चालणाऱ्या भलत्या धंद्यांपासून आपलं काम वेगळं दिसावं म्हणून. सव्वाशे वर्षांनी आमच्या गुहागरच्या मावशीला तेच समजावत बसावं लागतं.)

फलकाच्या अगदी वरच्या टोकाला मात्र आपलं कॉलेज नको. तिथे मुंबई टाक. १९५२ च्या सुमाराला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. पाय लुळे पडलेली लहान लहान मुलं, आणि त्यांना उभं करायला शिकलेलं माणूसच नाही. त्या गरजेतून १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षणकेंद्र सुरू झालं. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना उभी राहिली. माझ्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का आहे, तुझ्या पदवीवर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असेल, जे १९९८ मध्ये आलं. पण दोघींची मुळं परळच्या त्या वॉर्डात आहेत.

आणि त्याच ओळीत पुढे लिही: १३ जानेवारी २०११ ही देशातल्या शेवटच्या नैसर्गिक पोलिओ रुग्णाची तारीख, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी आपला अभ्यासक्रम जन्माला आला तो आजारच संपला. लसीने संपवला, आपण नाही. तरी तेव्हाची मुलं अजून आपल्याकडे येतात, आता साठीची होऊन. माझ्याकडे एक शिंपीकाका येतात. एका पायात कॅलिपर, म्हणजे आधाराचा पट्ट्यांचा सांगाडा, पन्नास वर्षं कुबडीवर. तक्रार पायाची नसते, खांद्याची असते. खांद्याने पन्नास वर्षं पायाचं काम केलं, आता तो थकला. असा पेशंट पुस्तकात पटकन सापडत नाही, पण तुला ओपीडीत भेटेल. भेटला की पाय बघत बसू नकोस.

आता तुझा शिबिरांचा आकडा. इथे मी जरा अडले.

मुंबई सोडून इकडे आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका संस्थेने खाडीपलीकडच्या गावात शिबिर ठेवलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं, बाहेर मंडप, पुढाऱ्यांची भाषणं. मी आणि दोन मुली. दिवसभरात दीडशेच्या वर माणसं तपासली. प्रत्येकाला छापील व्यायामाचा कागद. अहवालात लिहिलं गेलं, ‘शिबिराला उदंड प्रतिसाद’. पेपरात फोटो आला, त्यात मीही आहे, हार घालून.

दोन महिन्यांनी त्याच गावात एका नातलगांकडे जाणं झालं. म्हटलं, आपले पेशंट बघू. पक्षाघात झालेले एक आजोबा होते, उजवी बाजू गेलेली. शिबिरात त्यांना मी शाळेच्या सपाट फरशीवर चालवून दाखवलं होतं, टाच आधी टेका वगैरे. घरी गेले तर आजोबा पडवीत बसलेले. बसलेलेच. माझा छापील कागद घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलेला. मी विचारलं, “व्यायाम चालू आहेत ना?” ते म्हणाले, “बाय, ता सगला बरा हाय. पन ही पाखाडी कशी चढू ता सांग.”

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, एकेचाळीस पायऱ्या. उतरताना मोजल्या नव्हत्या, चढताना मोजल्या. एक पायरी सात इंच, पुढची अकरा. पावसाचे दिवस, वर हिरवं शेवाळ. कठडा नाही. आजोबांचं जग त्या एकेचाळीस पायऱ्यांच्या वर होतं: दुकान, देऊळ, एसटी, दवाखाना. मी शिकवलेलं चालणं त्यांच्या अंगणात संपत होतं. ते दुसऱ्यांदा माझ्याकडे येणार कसे?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले. पोफळीच्या खोडाचा कठडा बांधायला शेजारच्या पोरांना लावलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, हे आजोबांना आणि त्यांच्या सुनेला घोकून घेतलं. दर दहा पायऱ्यांवर टेकायला एक चिरा ठेवला. शेवाळ काढायचं काम नातवाकडे. पहिल्या दिवशी आजोबा सहा पायऱ्या चढले आणि सुनेवर ओरडले. गणपतीच्या आधी ते वर पोचले होते, असं नंतर कळलं. मी पाहिलं नाही.

म्हणून मला तुझ्या फलकावर शिबिरांच्या आकड्याशेजारी एक रकाना हवाय: ‘दुसऱ्यांदा आले’. तपासले किती, हे कुणीही मोजतं. दुसऱ्यांदा आले किती, आणि जे आले नाहीत ते का आले नाहीत, हे आपल्या विभागाने आजवर मोजलेलं नाही. मी शिकवत होते तेव्हाही नाही, म्हणजे यात मी दोष देतेय तो स्वतःलाही.

हे काम अवघड नाही. गेल्या वर्षभरातले पन्नास केसपेपर काढ, कसेही निवडलेले, चांगले चांगले वेचून नकोत. प्रत्येकावर बघ, दुसरी तारीख आहे का. नसेल तर फोन लाव. उत्तरं तुला आत्ताच सांगते, पण तू तरी विचार. लावणी सुरू झाली. एसटीची वेळ बदलली. दोन दिवस शेक घेतला, बरं वाटलं. मुलगा मुंबईला घेऊन गेला. मशीनचा करंट लावला नाही, नुसते व्यायामच सांगितले, मग यायचं कशाला. दिवसाची मजुरी बुडते. एखादा म्हणेल, तुमची ती मुलगी फार घाईत होती. हे शेवटचं उत्तर मिळालं तर ते लपवू नकोस, तेच आधी लिही.

यातलं काही आपल्या हातात नाही, एसटी आपल्या हातात नाही. पण लावणी कधी असते हे जुलैत कळायला आपण काय परदेशातून आलोय का? कंबरदुखीच्या बाईला जूनच्या पहिल्या आठवड्यात आठवड्याला तीन सिटिंग सांगणारी फिजिओ कोकणात शिकली असं मी म्हणणार नाही. तिला लावणीआधी दोनदा बोलाव, वाफ्यात वाकून काम करताना दर अर्ध्या तासाने उभं राहून कंबर मागे कशी न्यायची ते दाखव, आणि पुढची तारीख लावणी आटोपल्यावरची दे. कागदावर तसं लिही. ती येईल.

आता तुझ्या वैयक्तिक टप्प्यांबद्दल. तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण तिसऱ्या वर्षाला सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला काही येत नाही. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये नावं पाठ झाली, दुसऱ्या वर्षी मशिनींची बटणं कळली, आणि आता पेशंटसमोर हात थरथरतो. थरथरू दे. माझा पहिला पेशंट होता कोपर आखडलेला एक रिक्षावाला. त्याचं कोपर मोजताना मी गोनिओमीटर उलटा धरला होता. त्यानेच सांगितलं, मॅडम, आकडे खाली आहेत.

आकडे शिकच. पण प्रत्येक आकड्याशेजारी पेशंटच्या घरातली एक गोष्ट लिहायची सवय लाव. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात हे तुला पाठ आहे. दोनवरून तीनवर जाणं म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध हालचाल, एवढं सांगून तू व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, पास होशील. पण कोपर वाकवणारा स्नायू तीनला पोचला म्हणजे पेजेचा चमचा तोंडापर्यंत जाण्याची शक्यता तयार झाली. रिकामा चमचा. भरलेल्या चमच्याला तीनच्या थोडं वर लागतं. हे ज्या दिवशी तुझ्या डोक्यात आपोआप येईल, त्या दिवशी तू वहीत तारीख घाल.

गुडघ्याचंही तसंच. सपाट चालायला साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागतं, खुर्चीतून उठायला नव्वदच्या पुढे लागतो, उकिडवं बसायला एकशे तीसच्या वर. सांधा बदलल्यावर नव्वद झाले की आपण घरी सोडतो, सगळे खूश. आजी विचारते, “गौरीच्या पूजेला पाटावर बसता येईल ना?” सर्जन म्हणतात, खाली बसू नका. आपण दोघांच्या मधे उभे. मी काय करते सांगू? आजीला विचारते, पूजा तुम्हीच करायची की नुसतं तिथे असायचं? बहुतेक वेळा उत्तर ‘असायचं’ असं येतं. मग उंच स्टूल, शेजारी टेबलावर तबक. गुरुजींना एक फोन मी करते. शौचालयात कमोडची खुर्ची बसली का, हे मात्र पूजेच्या आधी विचारते, कारण पूजा वर्षातून एकदा असते.

तोल मोजायची बर्ग स्केल बघ. चौदा कामं, छप्पन गुण. फार उपयोगी चाचणी आहे, मी रोज वापरते. पण त्यात उभ्याने वाकून जमिनीवरची वस्तू उचलणं आहे, जमिनीवर बसून उठणं नाही. आपली म्हातारी माणसं जमिनीवर जेवतात, भाजी चिरतात, काजू फोडतात. छप्पनपैकी पन्नास मिळवलेली बाई ओटीवर बसली की उठायला दोघं लागतात. म्हणून बर्ग कर, आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घाल: जमिनीवरून उठली, कशाला धरून, किती वेळात. तसंच खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायची चाचणी. बारा सेकंदांच्या वर लागले तर पडण्याचा धोका मानतात. ती एकदा अनवाणी घे आणि एकदा पेशंट ज्या रबरी चपला घालून आली त्या घालून. फरक बघून तुला नवल वाटेल.

आणखी एक टप्पा, जो माझ्या मते आपल्या भागातल्या विभागाने अभिमानाने लावावा, जर गाठला असेल तर. आंब्याच्या दिवसांत आणि एरवी नारळ-सुपारीवरून पडलेली माणसं. कमरेखालचं सगळं गेलेलं. तरुण असतात गं, घर चालवणारी. पडल्यावर चौघं हाताला-पायाला धरून उचलतात, जीपमध्ये मागच्या सीटवर दुमडून बसवतात, मायेनेच करतात. मणक्याचं उरलंसुरलं त्यातही जाऊ शकतं. दार काढा, फळी आणा, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून ओंडका लोळवावा तसं सगळं अंग एकदम वळवा, हे शिकवायला मशीन लागत नाही. बागायतदारांकडे मार्चमध्ये गडी येतात तेव्हा त्यांच्यात जाऊन तासभर दाखवा. इंटर्न पाठवा. आणि घरी आलेल्या अशा पेशंटची पाठ महिन्या-महिन्याला बघा. दर दोन तासांनी कूस बदलली की नाही ते त्रिकास्थीवरची, म्हणजे कमरेखालच्या हाडावरची, कातडी सांगते, घरचे काय सांगतात ते नव्हे. ‘आमच्याकडच्या मणक्याच्या इतक्या रुग्णांना वर्षभरात पडून राहिल्याने झालेली एकही जखम नाही’, असं वाक्य तुला फलकावर खरंखुरं लिहिता आलं, तर बाकीची बक्षिसं कोपऱ्यात लाव.

त्याच लोकांच्या बाबतीत २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा नीट वाच. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. प्रमाणपत्र आपण देत नाही, पण कुठल्या दिवशी कुठे जायचं, कुठले कागद लागतात, हे पेशंटला बहुधा आपल्याकडेच कळतं, कारण आपल्यासमोर तो अर्धा तास तरी बसलेला असतो. डॉक्टरांसमोर तीन मिनिटं.

डॉक्टरांवरून आठवलं. नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की नाही यावर तुमच्या ग्रुपवर रोज लढाई चालते म्हणे. २०२१ मध्ये आपल्यासारख्या पेशांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच वर्षं होताहेत, हे सगळं चांगलंच आहे, फलकावर जरूर टाक. पाटीवर काय लिहायचं ते नियम सांगतील तसं लिही. माझ्या पेशंटपैकी अर्धे मला ‘बाई’ म्हणतात, काही ‘व्यायामवाल्या’. एक जण ‘करंटवाल्या मॅडम’ म्हणतो, त्याला मात्र मी दर वेळी टोकते.

करंटवरूनच पुढचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा माझा दवाखाना पूर्ण पाण्याखाली गेला. करंटचं आयएफटी मशीन, शेकायचं शॉर्टवेव्ह, ताण द्यायचं ट्रॅक्शनचं टेबल, शेकायच्या मेणाचं भांडं, सगळं चिखलात. लाकडी शिडी आणि पॅरलल बार धुऊन परत वापरात आले. बाकी सारं भंगारात. मशिनींचं दुःख झालं, हप्ते चालू होते. पण खरी अडचण वेगळीच निघाली. खालच्या कपाटातली तीन रजिस्टरं लगदा होऊन गेली, आणि आठवडाभराने दार उघडून बसले तेव्हा कोण अर्ध्यावर आहे हे मला सांगता येईना. कुणाची पुढची तारीख होती, कुणाला टाके काढल्यावर बोलावलं होतं, खांदा कुणाचा किती अंशांवर आणला होता. काही जण स्वतःहून आले. जे आले नाहीत त्यांची मला नावंही पुरती आठवत नाहीत. मशिनी दोन वर्षांत परत घेतल्या. ती माणसं अजून कुठे तरी अर्ध्यावरच असतील.

तेव्हापासून वही रोज संध्याकाळी फोटो काढून ठेवते. तूही ठेव. लिहिताना पेशंटची ओळख उघडी पडणार नाही, एवढं बघ. फलकावर तर नाव, गाव, फोटो काहीच नको. हार घातलेले फोटो तर नकोतच. माझा असेल तर आधी तो काढ.

बाहेर जायचं म्हणतेस, कॅनडा की इंग्लंड ठरत नाही. जा. त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस, कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाऊनच घर चालवत आला, मीही दहा वर्षं मुंबईत होतेच. फक्त जाण्याआधी ते पन्नास केसपेपर पूर्ण कर, आणि पुढच्या मुलीच्या हातात दे. दर वर्षी पन्नास झाले तर पुढच्या वर्धापनदिनाला तुमच्याकडे दाखवायला खरंच काहीतरी असेल.

येत्या रविवारी सकाळी ये. पोटमाळ्यावर जुनी रजिस्टरं आहेत, त्यात पहिल्या तुकडीच्या मुलांनी माझ्याकडे पोस्टिंगला असताना लिहिलेली पानं आहेत. अक्षर भयंकर, पण दुसरी तारीख कुठे आहे आणि कुठे नाही ते दिसेल. दुपारी जेवायलाच थांब. मास्क आण, कसर फार झालीय, आणि एक लाल पेन.

तुझी,
मॅडम